सगळे एकदम

शटर अर्धंच वर गेलंय, तरी रांग गल्लीच्या वळणापर्यंत पोचलीय. महाडची बाजारपेठ. मे महिना, सकाळचे दहा. चवदार तळ्याकडून येणारा वाराही कोमट. माणसं समोरच्या सावलीत उभी आहेत आणि त्यांच्या पिशव्या रांगेत. एका पिशवीतून शेवग्याच्या शेंगा डोकावतायत. तिची मालकीण पायरीवर बसून पदराने वारा घेतेय.

सेवा केंद्र म्हणजे दहा बाय दहाची खोली. दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र, अंगठ्याचं यंत्र आणि एक टेबल फॅन. फॅनचं तोंड माणसांकडे नाही, कॉम्प्युटरकडे. भिंतीवर दरपत्रक: उत्पन्नाचा दाखला, सातबारा, अधिवास. त्याच्या शेजारी हाताने लिहिलेला कागद: ‘सर्व्हर आमचा नाही. कृपया वाद घालू नये.’

“मावशी, अंगठा पुसा आणि नीट दाबा.”

मावशी अंगठा पदराला पुसतात, दाबतात. लाल दिवा लागतो. पडद्यावर गोल फिरायला लागतो. रांगेतले पहिले चार-पाच जण माना वाकड्या करून त्या गोलाकडे बघत राहतात.

“ओटीपी आला का?”

“नाय ओ.”

“येईल. सगळेच मागतायत ना आत्ता.”

कॉम्प्युटरवरची ताई हे सहज बोलून जाते आणि पुढचा कागद ओढते. मी मात्र आजचा दिवस याच एका वाक्याच्या मागे फिरणार आहे.

हे शटर दहाला उघडतं तेव्हा पोलादपूरचं उघडतं, माणगावचं उघडतं, तिकडे नंदुरबारचंही उघडतं. सगळीकडे पहिल्या माणसाचा अंगठा त्याच सुमारास यंत्रावर पडतो. ताईला हे पाठ आहे. “दहा ते बारा मारामारी. जेवणाच्या वेळी सुसाट. चारनंतर परत तेच,” ती म्हणते. “मी सांगते, दोनला या. पण दोनची एसटी कुठाय?” वाळण, विन्हेरे, वरंधकडची माणसं सकाळच्या गाडीने येतात. परतीची गाडी गाठायची तर काम त्याआधी उरकायला हवं. म्हणजे तारेतून काय, किती आणि कधी वाहणार हे अर्धंअधिक एसटीच्या वेळापत्रकात आधीच ठरलेलं आहे. संगणकाच्या पुस्तकात असलं कारण सापडायचं नाही.

गोल थांबतो. पडद्यावर लाल पट्टी येते. ताई काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून भरायला घेते.

मी बाहेर पडतो. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजतायत. टपऱ्यांवरचे पेमेंटचे डबे बोलतायत. “वीस रुपये प्राप्त झाले.” “दहा रुपये प्राप्त झाले.” पुढे रेशन दुकान. दुकानदार अंगठ्याचं यंत्र हातात धरून दारात उभा आहे. आत रेंज नाही, दारात एक कांडी येते. तांदूळ मोजून तयार आहे, पिशवी उघडी धरलेली आहे. सगळे त्या एका कांडीसाठी थांबलेत.

ज्याच्याकडे मला जायचंय त्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी तळमजल्यावर होतं. जिन्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे. जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी दोन्ही बाजूंनी शहरात शिरल्या, त्या वेळची. त्यानंतर महाडात ज्याने त्याने शहाणपणाने एकेक वस्तू वर नेली. याने रॅक वर नेला.

खोलीत एसी आहे, पण यंत्रांच्या पंख्यांची घरघर त्याच्यावर मात करते. काळा रॅक, त्यात हिरवे दिवे लुकलुकतायत. खाली बॅटऱ्यांची ओळ. पिवळ्या फायबरच्या जुड्या नीट बांधून प्रत्येकीला कागदी चिठ्ठी: आळीचं नाव, खांबाचा नंबर. वडिलांनी केबल टीव्ही सुरू केला होता. याने त्याच खांबांवरून इंटरनेट नेलं. गल्लीत अजूनही सगळे ‘केबलवाला दादा’च म्हणतात.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आलेख. हिरवा भाग उतरणाऱ्या डेटाचा, निळी रेघ वर चढणाऱ्याची. पहाटे चार वाजता खोल दरी. सकाळी सातला उंचवटा, दहाला थोडी उतरण, आणि कालच्या रात्री साडेनऊला डोंगर.

“एका पोर्टवर ६४ घरं,” दादा पिवळी वायर दाखवत सांगतो. “प्रत्येकाला १०० एमबीपीएसचा प्लॅन. करा हिशोब.”

६४०० होतात. आणि पोर्टमधून येतात साधारण २५००.

“मग?”

“मग काय. सगळे एकदम वापरत नाहीत, यावर धंदा.”

यात लबाडी नाही, जगभर असंच चालतं. या हिशोबाचं मूळ १९०९ सालच्या एका निबंधात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एका डॅनिश गणितज्ञाने तो लिहिला. गावात हजार फोन असले म्हणून हजार तारा लागत नाहीत. मग किती लागतात, हा त्याचा प्रश्न. एक तार तासभर सलग बोलण्याने भरलेली असली की तो भार एक एरलांग. एककाला नाव त्याचंच. त्याच्या गणिताचा पाया एका गृहीतकावर आहे. प्रत्येक जण आपल्या मर्जीने, दुसऱ्याला न विचारता फोन उचलतो. कोणी आत्ता उचलेल, कोणी नंतर. माणसं जितकी जास्त, तितका एकूण भार सपाट. साधं, सुंदर गणित. टेलिफोन खाती त्यावर कित्येक दशकं चालली.

पण खाली गल्लीत ज्या पिशव्या रांगेत उभ्या आहेत, त्या सगळ्या एकाच एसटीतून उतरल्यात.

बारा पन्नास. दादाचा फोन वाजायला लागतो. आज दहावीचा निकाल, एक वाजता. “काका, नेट चालू आहे ना नीट?” “ओ दादा, आज जाऊ देऊ नका हां.” तो प्रत्येकाला ‘हो हो’ म्हणतो आणि पडद्यासमोर खुर्ची ओढतो. मीही मागे उभा राहतो. मला वाटतं, एक वाजता हिरवा डोंगर आभाळाला टेकणार.

एक वाजतो. आलेख जरासा फुगतो. एवढंच.

“निकालाचं पान हलकं असतं,” दादा सांगतो. तो दुसरा आलेख उघडतो. यात डेटा मोजलेला नाही, पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, संख्या मोजलीय. ही रेघ मात्र ताडकन उभी राहिलीय. खाली कुठल्या तरी घरात मुलगा गोल फिरताना बघतोय आणि पुन्हा पुन्हा बटण दाबतोय. प्रत्येक दाबण्याची एक चिमुकली मागणी. महाडच्या तारेला ती जाणवतही नाही. पण अशीच चिमूट राज्यातल्या प्रत्येक गावातून त्याच सेकंदाला निघालीय आणि सगळ्या एकाच दारात पोचतायत. गर्दी इथे नाहीच, ती दूर त्या दारात आहे. पान उघडलं नाही की मुलं जास्त वेळा दाबतात, आणि जास्त वेळा दाबलं की पान आणखी उघडत नाही.

एक वाजून पंधरा. आता निळी रेघ चढते. निकाल लागला, गुणपत्रिकेचे फोटो, पेढ्याचे फोटो, मुंबईच्या काकाला व्हिडिओ कॉल. वर जाणारा रस्ता मुळात अरुंद, तो भरत येतो. आणि मग रेघ करवतीसारखी दिसायला लागते. चढते, निम्म्यावर येते, पुन्हा चढते. हे कोणी मुद्दाम करत नाही. रस्ता तुंबून पॅकेट हरवलं की प्रत्येक जोडणीने आपला वेग निम्मा करायचा, मग हळूहळू वाढवायचा, असा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा शिष्टाचार आहे. शिष्टाचार चांगलाच. फक्त सगळ्यांचं पॅकेट एकदम हरवलं तर सगळे एकदम निम्मे होतात आणि सगळे एकदम वाढतात. परक्या माणसांच्या फोनांची पावलं अशी आपोआप जुळतात. त्यावर १९९३ मध्ये एक उपाय निघाला: तुंबायच्या आधीच, चिठ्ठी काढल्यागत, अधूनमधून एखादं पॅकेट टाकून द्यायचं, म्हणजे कोणी आत्ता मंदावेल, कोणी जरा वेळाने. शिस्त मोडली की वाहतूक सुधारते, हे मला आवडलं.

चहा येतो. काचेच्या ग्लासात, बाहेर चाळीस पावलांवरच्या टपरीवरून. दादा पडद्यावरची एक कळ दाबतो. “हा जो गुळगुळीत दिसतो ना, तो पाच मिनिटांच्या सरासरीचा आहे. हा बघा खरा.”

सेकंदासेकंदाचा आलेख उघडतो. डोंगर गायब. नुसते काटे. मध्येच सपाट, मध्येच दहा काटे एकमेकांना खेटून. मिनिटाचा करून बघतो, तरी काटे. पाच मिनिटांत बरेचसे बुजतात. अख्ख्या आठवड्याचा पसरला की पुन्हा काटे.

ऑगस्ट १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका दूरसंचार संशोधन संस्थेने हाच उद्योग केला. आपल्याच ऑफिसच्या केबलवरून जाणारं एकेक पॅकेट वेळेसकट टिपलं, कोट्यवधी पॅकेटं, पुढची दोन-तीन वर्षं अधूनमधून. टेलिफोनचं गणित सांगत होतं की सरासरीचा काळ वाढवाल तसे चढउतार विरघळतील. ते विरघळले नाहीत. शतांश सेकंदाचा आलेख आणि शंभर सेकंदांचा आलेख शेजारी ठेवले, तर कोणता कुठला हे नजरेला सांगता येईना. १९९३-९४ मध्ये त्यावरचा निबंध छापून आला आणि जुन्या गृहीतकाला तडा गेला. आत्ताचा क्षण मागच्या क्षणाला, मागच्या तासाला बांधलेला निघाला. हे बांधलेपण किती, ते एका आकड्यात मोजतात. ०.५ म्हणजे कुणाचा कुणाशी संबंध नाही. १ च्या जवळ म्हणजे गर्दीला लांबची आठवण आहे. त्या केबलचा आकडा ०.८ च्या आसपास आणि त्याहून वर आला.

कारणही पुढे सापडलं. बहुतेक माणसं चिमूटभर पाठवतात आणि थोडी माणसं पोतंभर. दादा अशा एकाचं नाव सांगू शकतो, पण सांगत नाही. “एक फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग चढवायला लावतो आणि घरी जातो. रात्रभर लाइन धरून बसतो. मे महिन्यात रोज एक लग्न.” असे चार-दोन जण एकदम बसले की बाकीच्यांची सरासरी कामाला येत नाही.

“गणपतीत या,” तो म्हणतो. “चाकरमानी आले की आलेख बघायलाच नको.”

दुपार जड होते. फोन थांबलेत. दादा मला आणखी एक गोष्ट दाखवतो. दोन पातळ रेघा, एकाखाली एक. एक लाइन महाडातल्या जुन्या आळीतली, दुसरी पोलादपूरची. काल रात्री पावणेदहाला दोन्ही एकदम उठल्यात, साडेदहाला एकदम बसल्यात. परवाही तसंच. मधल्या बारीक लाटासुद्धा जुळतात. एकीचा उतरणारा डेटा तोच दुसरीचा चढणारा.

“सासर-माहेर असेल,” तो हसतो. “आत काय बोलतात ते मला दिसत नाही. सगळं कुलूपबंद असतं. रेघ मात्र दिसते.”

दोन रेघांचा सहसंबंध काढायचं गणित कॉलेजच्या संख्याशास्त्रात शिकवतात, पानभरसुद्धा नाही. कुलूप मजबूत आहे, पण पत्र कधी निघालं, केवढं होतं आणि त्याच क्षणी तेवढंच पत्र कुठे पोचलं हे कुलपाला लपवता येत नाही. ओळख लपवून देणाऱ्या मोठमोठ्या जाळ्यांचीही हीच दुखरी बाजू आहे. दोन्ही टोकं ज्याला दिसतात त्याला मधला वळणावळणाचा रस्ता बघावा लागत नाही. दादा खिडकी बंद करतो. घरांची नावं तो सांगत नाही आणि मी विचारत नाही.

याच गणिताने त्याने एकदा दुखणंही पकडलंय. बऱ्याच घरांतून रात्री थोडा थोडा डेटा वर जात होता. एकेक घर पाहिलं तर दुर्लक्ष करण्याएवढा. पण सगळ्यांचे ठोके एकाच सेकंदाला. स्वस्तातले सीसीटीव्ही कॅमेरे, कारखान्यातून आला तोच पासवर्ड, आणि कुठूनतरी कोणी त्यांना हाक मारत होता. २०१६ मध्ये अशाच कॅमेऱ्यांना आणि राउटरना एकत्र हाकून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. “एकाला ताप आला तर घरचे बघतील,” दादा म्हणतो. “सगळ्यांना एकाच वेळी आला तर मला कळतं.”

चार वाजता तो पोलादपूरला निघतो. तिथल्या खोलीतली बॅटरी बदलायचीय. मी मोटारसायकलवर मागे बसतो, बॅटरी दोघांच्या मध्ये.

मुंबई-गोवा महामार्ग. डांबराचा वास, ट्रकांची गरम हवा. महाड सोडल्यावर सावित्रीवरचा पूल लागतो. जुना, इंग्रजांच्या काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, माणसांनी भरलेल्या एसटी गाड्यांसकट. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये सुरू झाला. दादा पुलावर वेग कमी करतो. सगळेच करतात. खाली नदी एवढीशी. दगडांत अडकलेलं पाणी, त्यात म्हशी.

नदीकाठच्या गावांना दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. ऐकायला असं वाटतं की पूर ठरावीक अंतराने नंबर लावून येतात.

मघाचा तो ०.५ ते १ चा आकडा मुळात नदीवरूनच आलाय. एक इंग्रज जलतज्ज्ञ १९०६ मध्ये इजिप्तला गेला आणि त्याचं आयुष्य नाईलवर गेलं. धरण केवढं बांधावं म्हणजे वाईट वर्षांतही पाणी पुरेल, एवढाच त्याचा सवाल. कैरोजवळच्या रोडा बेटावर नाईलची पातळी सातव्या शतकापासून नोंदलेली होती. त्याने ती तपासली. पाऊस, झाडांच्या वलयांच्या नोंदी, तळ्यातल्या गाळाचे थर, सगळं तपासलं. प्रत्येक वर्ष स्वतंत्र असतं तर आकडा ०.५ यायला हवा होता. येत होता ०.७३ च्या आसपास. ओली वर्षं घोळक्याने येत होती, कोरडीही घोळक्याने. १९५१ मध्ये त्याने ते छापलं. चार दशकांनी न्यू जर्सीत केबलवरचे काटे मोजणाऱ्यांना हेच माप हाताशी मिळालं. त्या जलतज्ज्ञाच्या नावावरून आज त्याला हर्स्टचा घातांक म्हणतात. सावित्रीच्या काठावरच्या माणसाला हा घातांक समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

पोलादपूर. डावीकडे महाबळेश्वरचा आंबेनळी घाट, समोर कशेडी. चौकात वडापावच्या कढईला गर्दी. डोंगरावर ढग जमलेत, वारा पडलाय, शर्ट पाठीला चिकटलाय. वळीव येणार हे सगळ्यांना दिसतंय. दादाची इथली खोली एका किराणा दुकानाच्या मागे, बटाट्याच्या पोत्यांशेजारी. इथला पोरगा, विशीतला, जुनी बॅटरी काढूनच बसलाय.

साडेसात. मॅच सुरू होते. चौकातल्या प्रत्येक हातात मोबाइल, प्रत्येकात तोच चेंडू. टीव्हीच्या केबलवर एकच चित्र सगळ्यांना जायचं. इथे प्रत्येक घराला त्याच चेंडूची वेगळी प्रत जाते. आलेख चढतो. षटकार आधी पानवाल्याकडे पडतो, काही सेकंदांनी सलूनमध्ये. आरोळ्या मागेपुढे येतात.

मग वीज कडाडते. पहिले थेंब पत्र्यावर. आणि लाइट जातात. अख्खा चौक काळा.

घरोघरचे राउटरचे पांढरे डबे बंद. ज्याच्या त्याच्या फोनचं वायफाय सुटतं आणि सगळे फोन एकदम मोबाइलच्या टॉवरकडे वळतात. मिनिटभरात टॉवर तुंबतो. चेंडू गोलंदाजाच्या हातातच अडकून राहतो. पोरगा टॉर्च तोंडात धरून नव्या बॅटरीचे नट आवळतोय. बाहेर मातीचा वास सुटलाय आणि आत घामाच्या धारा.

चाळीस मिनिटांनी लाइट येतात. चौकात ओरडा. मी आलेखाकडे बघतो, तर तो सपाट.

“आता खरी मजा,” दादा म्हणतो.

गावातले सगळे डबे एकाच क्षणी जागे झालेत. सगळ्यांना सुरू व्हायला सारखाच वेळ लागतो, म्हणून सगळे एकाच क्षणी लॉगिन मागतायत. लॉगिन देणारं यंत्र एक, ते गुदमरतं, कुणालाच उत्तर देत नाही. डबे ठरलेला वेळ थांबतात आणि पुन्हा सगळे एकदम मागतात. १९७१ मध्ये हवाई बेटांवर रेडिओने कॉम्प्युटर जोडणाऱ्यांनी यावरचा तोडगा शोधून ठेवलाय: धडक झाली की प्रत्येकाने वेगवेगळा, मनाला येईल तेवढा वेळ थांबावं. या स्वस्त डब्यांत ते कोणी घातलेलं नाही.

दादा सगळे पोर्ट बंद करतो. मग पहिला उघडतो. ६४ घरं आत येतात, हिरवे दिवे स्थिर होतात. मग दुसरा. पोरगा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटं मोजतोय. दोघांचे फोन एकसारखे वाजतायत.

“हॅलो, आलं नाय ओ अजून. मॅच चाललीय.”

“काकी, तुमची आळी कोणती? हां. तुमचा नंबर पाचवा आहे. तिसरा चाललाय.”

“नेटला पण नंबर?”

“आज आहे,” दादा म्हणतो आणि चौथा पोर्ट उघडतो.